साठ मुलांचा सातवीचा वर्ग आणि त्यातली पाच-सहा दंगेखोर मुलं : तास कसा सांभाळायचा?

खडूची_धूळ
सातवीचा वर्ग. पटावर ६०, तास ४० मिनिटांचा. पाच रांगा, रांगेत सहा बाक, बाकावर दोघं. दंगा सुरू करणारी मुलं पाच-सहाच आहेत, पण त्यांनी सुरुवात केली की वीस-पंचवीस जण सामील होतात आणि उरलेल्यांचा तास बुडतो. ओरडणं, उभं करणं, वर्गाबाहेर काढणं, मॉनिटरकडून फळ्यावर नावं लिहून घेणं, सगळं झालं. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लहान वर्गासाठीचे सल्ले साठ जणांत चालत नाहीत, हे धरून लिहावं ही विनंती. मारणं आणि अपमान करणं हे मार्ग मला नकोच आहेत. नेमकं काय करायचं, कोणत्या क्रमानं, आणि कुठे फसतं, ते हवंय.

शांत_फळा
उपाय नंतर, आधी पाच दिवस नुसती नोंद. कोऱ्या कागदावर आडवे आठ रकाने आखा, प्रत्येक रकाना पाच मिनिटांचा. खाली पाच ओळी, तुमच्या पाच रांगांच्या. शिकवणं थांबवावं लागलं की त्या वेळेच्या आणि त्या रांगेच्या चौकोनात एक रेघ. नाव नाही, कारण नाही, वर्गाला सांगायचंही नाही. कागद पुस्तकात ठेवा.

आठवड्याच्या शेवटी कागद पाहा. रेघा तासभर सारख्या पसरलेल्या नसतात. पहिल्या पाच मिनिटांत, शेवटच्या पाच मिनिटांत, आणि मधे जिथे एक काम संपून दुसरं सुरू होतं तिथे त्यांची दाटी असते. हे तासाचे सांधे. शिवाय निम्म्या रेघा बहुधा एका-दोन ठिकाणीच सापडतात. मग "वर्ग दंगेखोर आहे" हे वाक्य गळून पडतं आणि "वह्या वाटताना चौथ्या रांगेचा मागचा भाग सुटतो" असं नेमकं वाक्य हातात येतं. पहिल्या वाक्यावर काही करता येत नाही, दुसऱ्यावर करता येतं.

जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वर्गांच्या चित्रफिती बारकाईनं पाहून १९७० साली जे मांडलं ते इथे अगदी लागू आहे. दंगा झाल्यावर शिक्षक काय करतो, यावरून सुरळीत वर्ग आणि विस्कटलेला वर्ग यांत फरक करता येत नव्हता. फरक होता तो आधीच्या गोष्टींत : शिक्षकाचं सगळीकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का, दोन गोष्टी त्याला एकाच वेळी सांभाळता येतात का, आणि काम न अडखळता पुढे सरकतं का. तुमची यादी पुन्हा वाचा. ओरडणं, उभं करणं, बाहेर काढणं, नावं लिहिणं, चारही गोष्टी दंगा झाल्यानंतरच्या आहेत.

दुसरा_बाक
शांत_फळा यांच्याशी पूर्ण सहमत. सांध्यांवर काय करायचं ते लिहितो.

तासाची सुरुवात. शिक्षक आत येऊन हजेरी काढतो, फळा पुसतो, पान शोधतो, आणि तोवर साठ मुलांना काहीच काम नसतं. ही सहा मिनिटं धरली तर तासाचा १५ टक्के भाग झाला. आठवड्याला पाच तास असतील तर ३० मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटांच्या एका तासाचा पाऊण भाग. उपाय असा : फळ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, रोज त्याच जागी, तीन प्रश्न. दोन कालच्या धड्यावरचे, सगळ्यांना येतील असे; तिसरा थोडा अवघड. मुलांनी वही उघडून तारीख घालून थेट लिहायला लागायचं. वेळ चार मिनिटं. या चार मिनिटांत बसण्याच्या आराखड्यावरून हजेरी घ्या. साठ नावं पुकारायची नाहीत. रिकाम्या जागा कोणाच्या ते पाहा आणि तेवढेच गैरहजर मांडा.

हे फसतं कधी? प्रश्न अवघड असले तर. पहिल्याच मिनिटाला "मला येत नाही" झालं की ते मूल मोकळं झालं. आणि उत्तरं कधीच पाहिली नाहीत तर दहा दिवसांत लिहिणं बंद पडतं. रोज एकाच रांगेच्या वह्यांवर नजर टाका. बारा वह्या, पाच दिवसांत साठ. मात्र आज कोणती रांग हे आधी सांगू नका.

वह्या गोळा करणं. मुलं एकेक करून टेबलाशी आली, प्रत्येकाला दहा सेकंद लागली, तरी ६० मुलांची दहा मिनिटं होतात, आणि टेबलाभोवती घोळका जमतो तो वेगळाच. त्याऐवजी शेवटच्या बाकावरून वही पुढे, आपली वही आलेल्या गठ्ठ्याच्या वर. पाच वेळा हात बदलले की बारा वह्या पहिल्या बाकावर. सराव झाला की पाचही रांगांचं काम मिनिटभरात उरकतं. सगळ्या वह्या एकाच बाजूनं, नाव वर. परत देताना गठ्ठा पहिल्या बाकावर ठेवायचा, आपली काढून बाकीच्या मागे द्यायच्या. म्हणूनच गठ्ठे रांगेप्रमाणे वेगळे बांधून ठेवायचे. एकदा मिसळले की वाटपाची दहा मिनिटं परत आली.

हे प्रत्यक्ष करून दाखवायचं असतं, नुसतं सांगून होत नाही. पहिल्या दिवशी तीनदा करून घ्या, घड्याळ लावून. रांगांमध्ये शर्यत लावू नका, वह्या फाटतात.

रेघोटी
शांत करण्याच्या खुणेबद्दल.

गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरानं १९११ साली हे नोंदवलं आणि आजही त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. वर्गात हे दोन्ही बाजूंनी चालतं. शिक्षक मोठ्यानं बोलतो, मुलं त्यावरून शेजाऱ्याला ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्यानं बोलतात. ओरडून मिळालेली शांतता टिकत नाही त्याचं एक कारण हे, आणि वर्षभरात घसा जातो तो वेगळा. त्यातच मोठ्या, उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. मागच्या बाकावर तो पोचतो, पण व्यंजनं पुसट होऊन पोचतो. मागच्यांना "काय सांगितलं?" असं शेजाऱ्याला खरोखरच विचारावं लागतं, आणि आपण त्याला बडबड समजतो.

म्हणून खूण आवाजाची नको, किंवा आवाजाची असली तर गळ्यातली नको. हात वर करून ठरलेल्या एकाच जागी उभं राहणं सगळ्यांत सोपं. मुलांनी खूण पाहिली की तीन गोष्टी करायच्या : हातातलं खाली ठेवणं, तोंड मिटणं, फळ्याकडे पाहणं. चौथी गोष्ट सांगू नका, लक्षात राहत नाही. साठ जणांना पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस सेकंद लागतील. तेवढं थांबायचं. कळीची चूक इथेच होते : पन्नास जण गप्प झाले की आपण बोलायला लागतो. उरलेल्या दहांना कळतं की ही खूण आपल्यासाठी नाही, आणि उद्या ते वीस होतात.

थांबताना "मी वाट पाहतेय, अजून वाट पाहतेय" असं म्हणत राहू नका. तोही आवाजच. गप्प झालेल्या रांगेकडे पाहून हलकेच मान हलवा, बस.

शांतता मिळाली की सूचना एका दमात द्या : काय करायचं, एकट्यानं की जोडीनं, किती वेळ, आणि झाल्यावर काय. "पान काढा, पाचवा प्रश्न, एकट्यानं, सहा मिनिटं, झालं की सहावा." यातलं शेवटचं बहुतेक जण विसरतात. सहा मिनिटांचं काम तीन मिनिटांत संपवणारी दहा मुलं या वयात रिकामी बसूच शकत नाहीत. माझ्या मते मोठ्या वर्गातला निम्मा दंगा काम लवकर संपलेल्यांचा आणि काम न समजलेल्यांचा असतो.

मागची_खिडकी
बसण्याच्या जागांवर कोणी लिहिलं नाही म्हणून.

एकट्यानं करायच्या कामाला रांगाच बऱ्या. समोरासमोर टेबलं लावली की बोलणं वाढतं. बोलण्याचं काम असेल तेव्हाच ती रचना करावी. साठ मुलांत तशीही जागा नसते.

दंगा करणाऱ्या सहा जणांना एकत्र मागे बसवू नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण सहाही जणांना पहिल्या बाकांवर ओळीनं बसवणं हीसुद्धा चूकच आहे. त्यांना अख्खा वर्ग प्रेक्षक म्हणून मिळतो, मागे वळलं की ५४ चेहरे. बरी जागा म्हणजे दुसरा किंवा तिसरा बाक, वाटेच्या कडेला, वेगवेगळ्या रांगांत. एकाला दुसऱ्याची नजर सहज मिळणार नाही अशी. शेजारी शांत मूल बसवता ते ठीक, पण तेच मूल वर्षभर नको. त्याचंही शिकणं आहे, दर तीन-चार आठवड्यांनी बदला. जागा बदलताना सगळ्या वर्गाच्या बदला. सहाच जण हलवले की ती शिक्षा झाली.

दुसरी गोष्ट वाटांची. पाच रांगांत चार वाटा. दप्तरं वाटेत पडलेली असतील तर तुम्ही मागे जात नाही, आणि हे मागच्या बाकांना पक्कं ठाऊक असतं. दप्तरं बाकाखाली, नियमानं. मग शिकवताना, हो, शिकवतानाच, दर चार-पाच मिनिटांनी एक फेरी मागच्या भिंतीपर्यंत. फळ्यावर लिहायचं असेल ते आधी लिहून ठेवा, म्हणजे पाठ कमी वेळ होते. एखाद्याच्या वहीवर वाकलात तर भिंतीकडे पाठ करून वाका, वर्गाकडे नको. एवढ्या साध्या गोष्टीनं "बाईंचं लक्ष आहे" हे मुलांपर्यंत पोचतं. फेरीचा मार्ग रोज तोच ठेवू नका.

प्रश्न विचारतानाही जागेचा परिणाम होतो. हात वर करणारी पुढची आणि मधली मुलंच घेतली जातात. आधी प्रश्न, मग थांबा, मग नाव. नाव आधी घेतलं की उरलेले ५९ जण सुटले. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब आणि जास्त मुलांकडून येतात. तीन सेकंद मनात मोजा, फार लांब वाटतात.

खडूची_धूळ
हे खूपच उपयोगी आहे, मनापासून आभार. सांधे ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. पण सगळं करूनही ती पाच-सहा मुलं बोलतीलच. त्या क्षणी काय करायचं? नजर, जवळ जाणं यानं भागलं नाही तर?

शांत_फळा
पायऱ्या ठेवा, आणि खालची पायरी न वापरता वर जाऊ नका.

शिकवणं न थांबवता त्याच्याकडे पाहणं. तरी चालू राहिलं तर चालत त्याच्या बाकाशी जाऊन तिथूनच शिकवणं, एक-दोन वाक्यं. तरी चालू असेल तर वाकून, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं बोलणं. अमेरिकेत ओ'लिअरी आणि सहकाऱ्यांनी १९७० साली हेच तपासलं होतं. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं रागावण्यापेक्षा फक्त त्या मुलाला ऐकू जाईल असं सांगितलं तेव्हा बहुतेक मुलांचा दंगा कमी झाला. कारण सरळ आहे. मोठ्यानं रागावलं की ते मूल साठ जणांच्या मधोमध येतं. काहींना तेच हवं असतं, उरलेल्यांना तोंड राखायला उलट उत्तर द्यावंच लागतं.

हळू बोलायचं म्हणजे कसं ते सांगतो. समोर उभं राहू नका, बाजूला उभं राहून वहीकडे पाहत बोला. बोट वहीवर, त्याच्यावर नाही. "तिसरं उदाहरण. पहिली पायरी लिही. दोन मिनिटांत येतो." आणि निघून जा. निघून जाणं हा यातला मोठा भाग आहे. डोक्यावर उभं राहून "चल, लिही, आत्ता लिही" म्हटलं की शेजारचे पाहू लागतात आणि ऐकलं तर तो हरतो. तुम्ही वळलात की त्याला कोणी पाहत नसताना पेन उचलता येतं. दोन मिनिटांनी खरंच परत या. लिहिलं असेल तर "ठीक, पुढचं" एवढंच. मघाचा विषय पुन्हा काढायचा नाही.

सांगताना काय करू नको यापेक्षा काय कर ते सांगा. "बडबड बंद" ऐकून मूल गप्प बसेल, पण रिकामंच. "तिसरं उदाहरण" म्हटलं की हाताला काम मिळतं. आणि प्रश्न विचारू नका. "का बोलतोयस?" याला वर्गात देण्यासारखं प्रामाणिक उत्तर नसतंच.

चौथी पायरी म्हणजे निवड देणं : "इथे शांत बसून पूर्ण कर, किंवा पुढच्या मोकळ्या बाकावर बसून पूर्ण कर." दोन्ही पर्याय तुम्हाला मान्य असले पाहिजेत. पाळता येणार नाही असं काही बोलू नका. आणि पाचवी पायरी तासानंतर, एकट्यानं, दोन मिनिटं. साठ जणांसमोर काहीही मिटत नाही.

वेळापत्रक
यात एक भर घालावीशी वाटते. बारीकसारीक गोष्टींकडे सरळ दुर्लक्ष करावं. पेन वाजवणं, खुर्ची हलवणं, विचित्र आवाज. लक्ष मिळालं नाही की आपोआप थांबतं.

बाराखडी
वेळापत्रक, हे अर्धं खरं आहे आणि मोठ्या वर्गात अर्धंच धोक्याचं. दुर्लक्ष तेव्हाच चालतं जेव्हा ते मूल तुमच्या लक्षासाठी करतं. सातवीतलं मूल बहुधा मित्रांच्या हसण्यासाठी करतं, आणि ५९ जणांचं हसणं तुम्ही बंद करू शकत नाही. दुसरं, लक्षासाठी चाललेल्या वागण्याकडे दुर्लक्ष सुरू केलं की ते पुष्कळदा आधी वाढतं, मग कमी होतं. पूर्वी एका आवाजाला तुम्ही वळायचात, आता वळत नाही, म्हणून तीन आवाज. या वाढलेल्या टप्प्यावर चौथ्या दिवशी तुमचा तोल गेला आणि ओरडलात, तर मुलाला नेमकं हे कळलं की आणखी जोर लावला की बाई वळतात. तेव्हा दोन आठवडे पाळता येणार असेल तरच करा. आणि दुसऱ्याला लागेल, दुखवेल असं काही असेल तर दुर्लक्ष कधीच नाही. चिडवणं, वस्तू फेकणं, कोणाच्या दिसण्यावरून बोलणं यात लगेच मधे पडायचं.

दुर्लक्षाच्या जोडीला त्याच मुलाचं बरोबर वागणं हेरणं हवं. तो दोन मिनिटं लिहितोय हे दिसलं की जाताजाता हळूच "दोन झाली, छान चाललंय." वर्गासमोर जाहीर कौतुक नको, या वयात ते काही मुलांना शिक्षेइतकं जड जातं.

आता मॉनिटरबद्दल, कारण मूळ पोस्टमध्ये आहे. बोलणाऱ्यांची नावं मॉनिटरनं फळ्यावर लिहिणं आजपासून बंद करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मॉनिटर बारा वर्षांचा असतो. तो मित्राचं नाव लिहीत नाही, भांडण असलेल्याचं लिहितो. नाव एकदा लागलं की "आता लागलंच आहे" म्हणून मूल आणखी बोलतं. मॉनिटरला मधल्या सुट्टीत त्याची किंमत मोजावी लागते. आणि तुमच्या हाती जी यादी येते तिच्यावर विसंबून कोणाला काही बोलणं न्याय्य नसतं.

वेळापत्रक
नावं लिहिण्याचा मुद्दा मान्य. पण साठ मुलांत मदतनीसाशिवाय चालतच नाही, हेही खरं आहे ना?

बाराखडी
मदतनीस हवेतच, पण वस्तूंवर, मुलांवर नकोत. प्रत्येक रांगेचा एक वह्यावाला, एक फळा पुसणारा, एक साहित्य वाटणारा, एक खिडक्या-पंखे पाहणारा. दर पंधरा दिवसांनी बदल. ज्याला बसवत नाही त्याला हालचालीचं काम द्या, पण बक्षीस म्हणून नाही, पाळीनुसारच. नाहीतर दंगा केला की काम मिळतं असा अर्थ निघतो.

बाहेर जाण्याची परवानगीही अशीच वस्तूवर टाका. टेबलावर एक लाकडी ठोकळा. ठोकळा जागेवर असेल तर खुणेनं विचारून न्यायचा, परत आल्यावर ठेवायचा. एका वेळी एकच. शिकवणं थांबत नाही आणि चार जण एकदम बाहेर पडत नाहीत. मात्र खरीच निकड असलेल्या मुलाला ठोकळ्यासाठी ताटकळत ठेवू नका.

दुसरा_बाक
सगळ्या वर्गाला एकत्र गुंतवायचं असेल तर गटांचा खेळ उत्तम चालतो. बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ या अमेरिकन संशोधकांनी १९६९ साली चौथीच्या एका वर्गात तो केला आणि नंतर अनेक देशांत तो वापरला गेला. मांडणी सोपी. वर्गाचे गट पाडायचे. तुमच्याकडे पाच रांगा म्हणजे पाच गट. नियम तीनच, डोळ्यांना दिसतील असे : परवानगीशिवाय जागा सोडायची नाही, दुसरा बोलत असताना बोलायचं नाही, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. नियम मोडला की त्या रांगेपुढे एक खूण. ठरलेल्या आकड्याच्या आत राहणारी प्रत्येक रांग जिंकते. सगळ्या रांगा जिंकू शकतात, हे फार महत्त्वाचं. एकच विजेता ठेवलात तर रांगा एकमेकींना डिवचतात.

सुरुवातीला तासभर खेळू नका. दहा मिनिटं, तीही ज्या सांध्यावर जास्त रेघा होत्या तिथेच. आकडा असा ठेवा की पहिल्या दिवशी बहुतेक रांगा जिंकतील. सवयीच्या दहा मिनिटांत रांगेमागे पाच खुणा होत असतील तर मर्यादा चार. मग आठवड्याला एकानं कमी. बक्षीस वस्तूंचं नको. शेवटची तीन मिनिटं कोडं सोडवायला, किंवा आधी सुटायला मिळणं पुरतं. खूण करताना नाव घ्यायचं नाही, भाषण नाही. "रांग तीन, जागा." संपलं.

फसण्याची जागा ठरलेली आहे. एक मूल मुद्दाम खुणा वाढवतं, रांग त्याच्यावर चिडते आणि मधल्या सुट्टीत त्याला त्रास होतो. तसं दिसलं तर काही दिवस त्या मुलाचा स्वतंत्र गट करा, त्याचा आकडा वेगळा, बक्षीसही त्याचं त्याला. १९६९ च्या वर्गातसुद्धा खेळायला नकार देणाऱ्या दोघांना वेगळं काढावं लागलं होतं. हा खेळ म्हणजे सामूहिक शिक्षा नव्हे, तो फरक सांभाळावा लागतो. न जिंकलेल्या रांगेचं काहीही काढून घ्यायचं नाही.

खडूची_धूळ
वर्गाबाहेर काढणं पूर्ण बंद करावं का? आणि उलट उत्तर आलं तर?

बाराखडी
बाहेर काढण्यानं दोन अडचणी होतात. ज्याला धडा कळत नाही त्याची सुटका होते, म्हणजे दंगा केला की काम टळतं हे तो शिकतो. आणि व्हरांड्यात त्याच्यावर कोणाचंच लक्ष नसतं. कोणाला इजा होईल अशी वेळ असेल तरच, तेही मोठ्या माणसाच्या ताब्यात, सोबत तेच काम देऊन, आणि दहा मिनिटांत परत.

शांत_फळा
उलट उत्तराला दोन भाग असतात. "पण तोच आधी बोलला!" हा वादाचा भाग आणि त्यामागे तुमची सूचना. वादात शिरलात की सूचना हरवते आणि वर्गाला तमाशा मिळतो. "असेल. आत्ता तिसरं उदाहरण." त्याच सपाट आवाजात, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा बोलायचं नाही. "तासानंतर बोलू" आणि पुढचं शिकवणं. तासानंतर मात्र खरंच बोला आणि आधी त्याचं ऐका. पुष्कळदा तोच आधी बोललेला असतो.

बाराखडी
त्या पाच-सहा मुलांसाठी शेवटचं आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं. प्रत्येकाची दोन आठवडे वेगळी नोंद ठेवा, तीन रकान्यांची : आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. आठ-दहा प्रसंग झाले की कल दिसतो. प्रत्येक वेळी आधी "मोठ्यानं वाचणं" असेल आणि नंतर वाचन टळत असेल, तर प्रश्न वागण्याचा नाही, वाचनाचा आहे. त्याला खालच्या इयत्तेचा उतारा एकट्यानं वाचायला देऊन पाहा. सातवीपर्यंत अडखळत वाचणारी मुलं ते लपवण्यात तरबेज झालेली असतात, आणि वर्गात मूर्ख दिसण्यापेक्षा दंगेखोर दिसणं त्यांना परवडतं.

डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारं मूल "बोलतंय" असं वाटतं. चार मीटरवरून फळ्यावरचं वाचून घेतलं तरी प्राथमिक अंदाज येतो, खात्री डॉक्टरच करतील. झोपही विचारा, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात.

चंचलता, एका जागी न बसणं, मधेच बोलणं दिसलं की लगेच एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) म्हणू नका. ते ठरवताना तज्ज्ञ पाहतात की लक्षणं निदान सहा महिने आहेत का, बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, आणि दोन किंवा जास्त ठिकाणी दिसतात का. फक्त तुमच्याच तासाला होत असेल तर आधी तास तपासा. इतर शिक्षकांना विचारा की त्यांच्या तासाला तो कसा असतो. निदान करणं आपलं काम नाही. आपली नोंद पालकांना आणि तज्ज्ञांना देणं आपलं आहे.

पालकांना पहिला निरोप चांगला जाऊ द्या, पहिल्या पंधरा दिवसांतच, दोन ओळींचा, खरा आणि नेमका : "आज भूमितीची आकृती स्वतः पूर्ण केली." पुढे कधी तक्रारीसाठी बोलवावं लागलं तर ते हात बांधून बसत नाहीत. तक्रार सांगताना "फार त्रास देतो" नको, रकान्यांचा कागद समोर ठेवा. आणि घरी मार बसेल अशी शंका असेल तर निरोप पाठवण्याआधी मुख्याध्यापकांशी किंवा समुपदेशकांशी बोला.

खडूची_धूळ
सगळं एकदम सुरू केलं तर मीच कोलमडेन. सोमवारी नेमकं काय करू?

रेघोटी
सोमवारपासून पहिला आठवडा फक्त शांत_फळा यांचा नोंदीचा कागद, दुसरं काही नाही. दुसऱ्या आठवड्यात फळ्यावरचे तीन प्रश्न आणि हात वर करण्याची खूण. तिसऱ्यात वह्यांची पद्धत आणि नवा बसण्याचा आराखडा. गटांचा खेळ चौथ्या आठवड्याआधी नको. चौथ्या आठवड्यात पुन्हा तोच रेघांचा कागद भरा आणि पहिल्याशेजारी ठेवा. वर्ग सुधारला की नाही हे तासाच्या शेवटी दमलेल्या मनाला विचारू नका.

आणि मधेच एखादा तास हातातून सुटलाच तर शिकवणं रेटू नका. बोलणं थांबवा, फळ्यावर पानाचा आकडा आणि दोन सोपे प्रश्न लिहा, खाली "लेखी, एकट्यानं, ५ मिनिटं" लिहा, आणि शब्द न बोलता मागच्या भिंतीपासून पुढे चालत या. पुढच्या बाकावरची मुलं आधी लिहायला लागतात, मागची शेवटी. शेवटचा बाक लिहू लागला की मग बोला, नेहमीपेक्षा खालच्या आवाजात. हे दोन सोपे प्रश्न प्रत्येक तासासाठी पुस्तकात चिठ्ठी घालून तयार ठेवा, ऐन वेळी सुचत नाहीत.